पेरभर पाणी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकण नाही, रंग उडालेला, एका बाजूला पोचा आलेला. असे डबे घरोघरी अडगळीत पडलेले असतात. मी मात्र अडगळीत नाही. मी घरापुढच्या हिरवळीच्या मधोमध बसतो आणि या घरातली चार शहाणी माणसं माझ्यात डोकावल्याशिवाय नळाला हात लावत नाहीत. हा मान मला कसा मिळाला ते सांगतो. पण जन्मापासून सुरुवात करतो, नाहीतर म्हणाल, डबा आल्या आल्या मोठेपणाच सांगत बसला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची पट्टी यंत्राखाली गेली, धाडकन आवाज झाला आणि मी गोल झालो. मग मला बूड मिळालं आणि सगळ्यात शेवटी झाकण. झाकणावर चित्र होतं. कौलारू घर, पुढे गालिच्यासारखी हिरवळ, तिच्यावर छत्री घेऊन उभी असलेली एक बाई आणि तिच्या पायाशी एक गुबगुबीत कुत्रा. माझ्या सगळ्या भावंडांच्या डोक्यावर तेच घर, तीच बाई, तोच कुत्रा. त्यामुळे ते घर आपलं आहे अशी घमेंड आमच्यापैकी कुणालाच आली नाही.

माझ्यात बिस्किटं भरली गेली. एका बस कंडक्टरच्या लग्नात त्याच्या डेपोतल्या मित्रांनी मला भेट म्हणून दिलं. बिस्किटं मित्रांनीच संपवली आणि रिकामा मी नव्या नवरीच्या वाट्याला आलो. मित्रांनो, लोकांना वाटतं, आतला माल संपला की डब्याचं आयुष्य संपलं. उलट आहे. माल संपतो तेव्हा डब्याची खरी नोकरी सुरू होते.

नवरीबाई कपडे शिवायच्या. पुढे सगळी गल्ली त्यांना टेलरबाई म्हणू लागली, मीही तेच म्हणतो. बाईंनी माझ्यात बटणं ठेवली. शर्टाची, झग्याची, कोटाची, आणि जोडीदार हरवलेली एकटी-दुकटी. बटणं मी पुष्कळ वर्षं सांभाळली. शिवणयंत्राच्या शेजारी बसून मी माणसं पाहिली. बारीक दिसायचं म्हणून श्वास रोखून माप देणारी पाहिली. माप घेताना भाव ठरवणारी आणि कपडा तयार झाल्यावर तोच भाव विसरणारी पाहिली. प्रत्येक गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की बाई मागून हळूच म्हणायच्या, "खरं सांगू? हा रंग तुम्हालाच खुलतो. दुसऱ्या कुणाला मी दाखवलासुद्धा नाही." गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. दुपारी दुसरं यायचं. त्याच ताग्यातला कपडा, तेच वाक्य. बाई खोटं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. ज्याला त्याला ते वाक्य खुलत होतं, एवढं खरं.

बाईंची ही सवय लक्षात ठेवा. पुढे हिशोबात तीच लागणार आहे.

पुढे कंडक्टर आणि बाई या घरात राहायला आले. घरापुढे आठ-दहा खाटा मावतील एवढी मोकळी जागा होती. कंडक्टरांच्या मनात तिथे फरशी घालायची होती.

"फरशी बरी," ते म्हणाले. "झाडली की झालं. ना खायला मागते, ना प्यायला."

बाईंनी मला उचललं आणि झाकणावरच्या चित्रावर बोट ठेवलं. "मला ही हवी."

"अगं, ते चित्र आहे. त्याला पाणी घालावं लागत नाही."

"मग मी घालीन. तुम्ही नुसते बसा."

अशी हिरवळ आली. बाईंनी माती भुसभुशीत केली, दगड वेचले, जमीन सारखी केली आणि गवताच्या काड्या ओळीने लावल्या. पहिल्या वर्षी ती हिरवळ कमी आणि पोराच्या डोक्यावरचं उगवतं जावळ जास्त दिसत होती. पण बाई शिवणाऱ्या. त्यांना वीण कळत होती. पातळ जागी नव्या काड्या टोचून त्या ठिगळ लावायच्या, पण ठिगळ दिसू द्यायच्या नाहीत. कडा मोठ्या कात्रीने साडीच्या काठासारख्या सरळ कापायच्या. गवत कापायच्या यंत्राला धार नसली तर मुलाला ओरडायच्या, "बोथट पातं कापत नाही रे, चावतं. बघ, टोकं कशी भुरी पडलीत." आणि गवत फार खाली कापू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "जास्तीचं कापड कधीही कापता येतं. कापलेलं परत जोडता येत नाही."

माझी बदली याच काळात झाली. बाईंच्या लक्षात आलं की फिरता फवारा लावला की पाणी किती पडलं ते डोळ्यांना कळत नाही. वरून सगळं ओलं दिसतं, खाली माती कोरडी असते. मग त्यांनी माझ्यातली बटणं बरणीत ओतली, माझ्यात आपला अंगठा उभा धरला आणि अंगठ्याचं पहिलं पेर जिथे आलं तिथे कात्रीच्या टोकाने रेघ ओढली. झाकण कुंडीखाली गेलं. मी हिरवळीवर गेलो. फवारा फिरायचा, थोडं पाणी माझ्यात पडायचं, रेघेला टेकलं की बाई नळ बंद करायच्या. मग काही दिवस पाण्याचं नाव नाही.

"रोज घोट घोट पाजलं," त्या सांगायच्या, "की मुळं वरच बसून राहतात, घरजावयासारखी. एकदा पोटभर पाजा आणि विसरा. मग ती खाली जातात, आपलं आपण शोधतात."

तहान कशी ओळखायची, तेही ठरलेलं होतं. हिरवळीवरून चालायचं आणि मागे वळून बघायचं. पाऊल उचलल्यावर गवत परत उभं राहिलं तर तहान नाही. पाऊल तसंच उमटून राहिलं तर आज डबा मांडायचा. गल्लीतले लोक येता-जाता हिरवळीचं कौतुक करायचे. माझं कुणी करायचं नाही. पण मला बुडापासून ठाऊक होतं की त्या कौतुकात माझं एक पेर आहे.

वर्षं गेली. मुलगा मोठा झाला, चष्म्याच्या दुकानात लागला. मुलीचं लग्न झालं, ती त्याच शहरात दुसऱ्या टोकाला राहायला गेली. घरात सून आली, औषधांच्या दुकानात काम करणारी. कंडक्टर निवृत्त झाले, पण घरात कुणी दारात उभं राहिलं की अजून म्हणायचे, "पुढे सरका, मागे जागा करा." सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग एक दिवस पडदा काढायला म्हणून बाई स्टुलावर चढल्या आणि पडल्या. कमरेचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. काही आठवडे मुलीकडेच राहायचं ठरलं, कारण तिथे व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज घरी येणार होत्या. त्यांनी हॉस्पिटलातच सांगून ठेवलं होतं, घरी गेल्यावर रोज चालायचं, काठी घेऊन, मोकळ्या सपाट जागेत. चालणं थांबलं तर पाय आखडेल, आणि पुन्हा पडलात तर हे हाड दुसऱ्यांदा सहज जुळायचं नाही. घरातल्या फरशीवर काठी सरकते. रस्त्यावर गाड्या. उरली हिरवळ. बाई म्हणाल्या, "मग झालं तर. मी माझ्या हिरवळीवरच चालणार."

मुलीकडे जाताना कपडे घ्यायला म्हणून गाडी दारात थांबली. बाई पुढच्या सीटवर बसून होत्या, खाली उतरायला बंदी. मी फाटकाजवळच्या कडेला होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानावर पडलं.

आधी त्यांनी कंडक्टरांना खिडकीशी बोलावलं. "अहो, हिरवळ तुमच्यावर सोडून चालले आहे. मुलांना कुठलं जमतंय? पाण्याचं चुकवू नका. आणि त्यांना काही बोलू नका, उगीच मनाला लावून घेतील."

कंडक्टर छाती काढून आत गेले. मग मुलगा आला. "बाबांना आता लक्षात राहत नाही रे. आणि हिला वेळ कुठे असतो? पाण्याचं तूच बघ. बोलू नकोस कुणाला."

मुलगा गंभीर होऊन आत गेला. शेवटी सून कपड्यांची बॅग घेऊन आली. "या बापलेकांच्या हाती हिरवळ गेली तर मी परत येईपर्यंत वाळवंट होईल. माझी सगळी भिस्त तुझ्यावर आहे गं. पण त्यांना कळू देऊ नकोस. दोघंही हळवे आहेत."

एकाच ताग्यातले तीन कपडे. आणि प्रत्येकाला वाटलं, रंग आपल्यालाच खुललाय.

माझी आठवण कुणालाच झाली नाही. दोन दिवसांनी कंडक्टरांना मी दिसलो. "रिकामाच आहे," म्हणत त्यांनी मला उचललं, माझ्यात खिळे आणि स्क्रू भरले आणि व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवून दिलं. मित्रांनो, उपेक्षा म्हणतात ती हीच. पण कठड्यावरून हिरवळ छान दिसत होती. आणि जे दिसलं ते पाहून माझ्यातले खिळेसुद्धा टोचायचे विसरले.

भल्या सकाळी कंडक्टर यायचे. गवत ओलं दिसलं की पुटपुटायचे, "दव पडलंय. दवाने काय होतंय?" आणि फवारा सुरू करून चहाला आत जायचे. दुपारी मुलगा जेवायला घरी यायचा. ओलं गवत बघून मान हलवायचा. बाबांनी चार थेंब शिंपडलेत, असा त्याचा अर्थ असायचा. मग बाबा झोपलेत याची खात्री करून तो रबरी पाइप लावायचा. संध्याकाळी सून दुकानातून यायची. तोवर उन्हाने वरची पाती सुकलेली असायची. ती पर्स न उतरवताच पाइप घ्यायची, तेव्हा बापलेक बातम्यांसमोर बसलेले असायचे.

तिघंही इमानदार. एकाचाही एक दिवस खाडा नाही. घरातली दुसरी कामं मी पाहत आलो आहे, त्यांत एवढी शिस्त कधी दिसली नव्हती.

थोड्याच दिवसांत हिरवळ पिवळी पडू लागली. शेजारचे काका भिंतीवर हनुवटी टेकून सल्ले देण्यात पटाईत. त्यांनी सकाळी कंडक्टरांना सांगितलं, "पिवळी पडतेय. पाणी कमी पडतंय." दुपारी मुलाला सांगितलं. संध्याकाळी सुनेला सांगितलं. शेजाऱ्याच्या जिभेलाही कधी खाडा नसतो.

तिघांनी आपापलं पाणी वाढवलं. प्रत्येकाला बाईंची पावलाची परीक्षा आठवत होती. चालून बघायचे, मागे वळायचे, तर पावलं तशीच उमटलेली. गवत उठत नव्हतं. कसं उठेल? खाली चिखल झाला होता, त्यात ते रुतून बसत होतं. पण ज्याला तहानच शोधायची आहे त्याला चिखलातही तहान सापडते. त्यातून मुलाने हिरवळ नीटनेटकी दिसावी म्हणून यंत्र खाली करून गवत तासून काढलं. आता ती हजामत बिघडलेल्या डोक्यासारखी दिसू लागली. कडेला शेवाळ आलं. एका सकाळी मधोमध भूछत्रं उगवली, झाकणावरच्या बाईच्या छत्रीसारखी गोल. फक्त खाली बाई नव्हती.

मी ओरडून सांगितलं असतं. झाकण नसलेला डबा म्हणजे नुसतं तोंडच. पण माझं तोंड खिळ्यांनी भरलेलं होतं.

मग बाईंची काठी आली. खाली रबराचा पाय असलेली, व्यायामवाल्या बाईंनी सुचवलेली. बाई घरी यायला महिनाभर अवकाश होता, पण कंडक्टरांना धीर नव्हता. बसमध्ये चढण्याआधी दांडा हलवून बघायची त्यांची जुनी सवय. ते काठी घेऊन हिरवळीवर उतरले, बाईंसारखे एका पायावर भार देऊन चालू लागले आणि चौथ्या पावलाला काठी मातीत वीतभर गेली. कंडक्टरांचा तोल गेला. गुडघा टेकला, हात चिखलात गेला, आणि ते तसेच राहिले.

त्यांना लागलं नव्हतं. पण ते उठले नाहीत. मातीत उभ्या राहिलेल्या काठीकडे बघत बसले. त्यांच्या मनात काय चाललंय ते कठड्यावरून मला स्पष्ट दिसत होतं. आपल्या जागी ती असती तर?

थोड्या वेळाने ते उठले. काठी उपसून काढली, तिला लागलेला चिखल बोटांवर घेऊन चोळला. "एवढी ओली?" ते स्वतःशीच म्हणाले. "मी तर एकदाच घालतो." मग त्यांची नजर कठड्यावर आली, माझ्यावर. त्यांनी माझ्यातले खिळे वर्तमानपत्रावर ओतले, मला पुसलं, आत बोट फिरवून रेघ शोधली आणि मला हिरवळीच्या मधोमध नेऊन ठेवलं. सकाळचा फवारा नेहमीएवढाच चालवला. पाणी रेघेच्या बरंच खाली होतं, ते त्यांनी वाकून पाहून ठेवलं.

संध्याकाळी, सून पाणी घालून आत गेल्यावर, ते पुन्हा आले. मी रेघेच्या वर भरलो होतो.

आभाळ कोरडं. ढगाचा पत्ता नाही. कंडक्टरांच्या चेहऱ्यावर मी पुष्कळ वर्षांनी त्यांचा ड्यूटीवरचा चेहरा पाहिला. तिकिटं कमी आणि डोकी जास्त भरली की जो व्हायचा, तो.

"गाडीत जादा पॅसेंजर आहेत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुपारची झोप घेतली नाही. पडद्याआड खुर्ची टाकून बसले. मुलगा पाइप घेऊन आला तेव्हा त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. "तिकीट?"

मुलगा दचकला. पाण्याची धार भिंतीवर गेली आणि काकांची हनुवटी खाली गेली.

"बाबा, मी... झाडांना घालत होतो."

"झाडं तिकडे आहेत. इकडे किती दिवस चाललंय?"

"आई गेल्यापासून. तिनेच सांगितलंय मला."

"तुला कसं सांगेल? मला सांगितलंय तिने."

"तुमच्या लक्षात राहत नाही म्हणून मला सांगितलं."

"माझ्या?" कंडक्टर म्हणाले. "तुझ्या मुंजीपासूनचे सगळे स्टॉप ओळीने सांगतो, ऐकतोस?" खरं तर ते चिडून काहीतरी बोलून गेले होते, मुंज आणि स्टॉप यांचा काही संबंध नव्हता. मुलगा हसला, आणि त्यामुळे कंडक्टर आणखी चिडले. पण मग कंडक्टरांनी मला दाखवून कालचं सांगितलं, आणि दोघांच्याही डोक्यात एकच हिशोब आला. दोघांचं पाणी मिळूनही डबा एवढा भरत नव्हता.

दोघं जण संध्याकाळी पडद्याआड बसले. सून आली, तिने पाइप उचलला, आणि आतून दोन आवाज एकदम आले, "तिकीट."

सुनेने शांतपणे पाइप खाली ठेवला. दोघांचं ऐकून घेतलं. मग व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि कपाळाला हात लावून हसायला लागली. हसता हसता थांबली.

"आमच्या दुकानात असं होतं," ती म्हणाली. "म्हातारे बाबा असतात घरात. सकाळी मुलगा गोळी देतो, दुपारी मुलगी देते, रात्री सून देते. गोळी तीच. प्रत्येकाला वाटतं, दुसरे विसरतील. चांगलीच गोळी असते. पण मग माणूस चक्कर येऊन पडतो, आणि हे म्हणतात, अशक्तपणा आलाय, अजून एक द्या."

नळ टपटपत होता. मुलाने उठून तो घट्ट केला.

"तिला सांगायचं नाही," कंडक्टर म्हणाले.

"सांगायचं," सून म्हणाली. "त्यांना वाटतंय हिरवळ टणक आहे. त्या उतरल्याबरोबर तिच्यावर पाय टाकतील."

फोन सुनेनेच लावला. मी हिरवळीवरून ऐकत होतो. स्पीकर लावून तिने सगळं सांगितलं. मग बाईंचं हसू आलं, मग कमरेला कळ लागल्याचं 'आई गं', आणि पुन्हा हसू.

"तिघांना का सांगितलंस?" कंडक्टरांनी विचारलं.

"एकट्या तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्या दोघांना कामाला लावून स्वतः बातम्या बघत बसला असतात. त्याला एकट्याला सांगितलं असतं तर त्याने विसरून वर तुमच्यावर ढकललं असतं."

"आणि मला एकटीला?" सुनेने विचारलं.

"तू केलं असतंस," त्या म्हणाल्या. "पण एकटीनेच केलं असतंस. ते मला नको होतं." मग आवाज बदलला. "चिखल किती खोल आहे?"

"वीतभर," कंडक्टर म्हणाले. गुडघ्याचं सांगितलं नाही.

"बरं. आता ऐका. तिघांनी हात मागे बांधायचे. काठी रुतायची थांबेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. लोखंडी काट्याने सगळीकडे भोकं पाडा, काजं करतात तशी, ओळीने. त्यांत वाळू सारा. यंत्राचं पातं वर करा आणि आधी त्याला धार लावा. आणि डबा जागेवर ठेवा."

काजं ऐकून मला माझी बटणं आठवली.

मित्रांनो, काम करणं सोपं असतं. न करणं किती अवघड, ते मी त्या दिवसांत पाहिलं. भोकं एका सुट्टीत पाडून झाली, वाळू भरून झाली. मग करायला काही उरलं नाही आणि तिघांची बोटं शिवशिवू लागली. कंडक्टर सकाळी उठून नळाजवळ उभे राहायचे, नुसतेच. सून घरी आली की पाइपाच्या वेटोळ्याला वळसा घालून जायची, जसं काही तिथे कुत्रं झोपलंय. एकदा मुलगा नळाशी सापडला.

"कुठे?"

"हात धुवायला."

"घरात नळ नाही?"

"बाबा, तुम्ही इथे काय करताय?"

"मी तुझ्यावर लक्ष ठेवतोय."

काका भिंतीवरून म्हणाले, "पिवळी आहे. पाणी..." आणि तिघांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी वाक्य गिळलं आणि हवापाण्याची चौकशी केली.

कंडक्टर रोज काठी घेऊन उतरायचे. काठी आधी वीतभर जायची, मग बोटभर, मग नखभर. भूछत्रं सुकून पडली. शेवाळ खरवडलं गेलं. माती घट्ट होऊ लागली आणि एका सकाळी पिवळ्या पात्यांच्या बुडाशी हिरवी टोकं दिसली. कंडक्टर पोटावर आडवे पडून ती बघत होते. चष्मेवाला मुलगा म्हणाला, "बाबा, नंबर वाढलाय तुमचा." आणि तोही शेजारी आडवा पडला.

बाई आल्या त्या दिवशी हिरवळ पूर्वीसारखी नव्हती. सरळ सांगतो. पाइप पडून राहायचा तिथे एक टक्कल होतं आणि दोन-तीन ठिकाणी रंग उडालेला होता. कुणी वाटसरू थांबून कौतुक करील अशी ती नव्हती. मुलीने गाडीचं दार उघडलं. बाई उतरल्या, काठी घेतली, कडेला उभ्या राहून सगळीकडे एकदा नजर फिरवली. शिवून आलेल्या कपड्याची शिवण बघावी तशी. तिघं ओळीने उभे होते, हात मागे.

बाईंनी चपला काढल्या. काठी पुढे टेकवली.

कंडक्टरांनी श्वास रोखला होता. मापाच्या टेपासमोर लोक रोखायचे तसा.

काठी रुतली नाही. रबराच्या पायाचा गोल ठसा उमटला आणि बाई काठी उचलून पुढे गेल्या तसा गवताने तो हळूहळू पुसून टाकला. एक पाऊल. दुसरं पाऊल. त्या माझ्यापर्यंत आल्या, काठीने मला हलकेच टिचकी मारली. टण्ण वाजलो. इतक्या वर्षांत मी एवढा छान वाजलो नव्हतो.

"मला वाकता येत नाही," त्या म्हणाल्या. "आत काय आहे ते बघा कुणीतरी."

तिघं एकदम वाकले आणि तिघांची डोकी आपटली. तेवढ्या वेळात मला आभाळ दिसलं नाही. तीन चेहरे दिसले, कपाळं चोळत, एकमेकांकडे बघत हसणारे.

"रिकामा," सून म्हणाली. "एक मुंगी आहे."

बाई मागे वळल्या. आपली पावलं पाहिली. सुरुवातीची पुसली गेली होती, शेवटची दोन मात्र अजून तशीच होती. "आज थोडी तहान आहे," त्या म्हणाल्या. "पाणी घाला. रेघेपर्यंत. आणि एकानेच."

त्या दिवसापासून कंडक्टरांनी एक पद्धत पाडली. ज्याने पाणी घातलं त्याने मला रिकामं करून उपडं घालायचं. उपडा डबा म्हणजे तिकीट पंच झालं, आता कुणी नळाला हात लावायचा नाही. पावलं उठेनाशी झाली की बाई सांगतात आणि मला सुलटं केलं जातं. गेल्या आठवड्यात काकांनीही आपल्या कुंड्यांशेजारी एक डबा मांडला. त्यांनी तो झाकण लावून मांडला आहे, पण शिकतील.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई हिरवळीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. कंडक्टर चहा घेऊन आले. बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? तुम्ही काठी टेकून बघितली म्हणून मी वाचले. त्या दोघांना सुचलं नसतं." दुपारी मुलगा आला. "तू पात्याला धार लावलीस म्हणून गवत जगलं रे. बोलू नकोस कुणाला." संध्याकाळी सून आली. तिच्यासाठीही त्यांनी त्याच ताग्यातून कापलं.

गंमत म्हणजे आता तिघांनाही ठाऊक आहे. तरी तिघंही आठवडाभर छाती काढून हिंडत होते.

मित्रांनो, मी सध्या उपडा आहे. कालच पाणी झालं. उपड्या डब्याला आभाळ दिसत नाही, पण त्याच्या पोटात मातीचा वास भरून राहतो आणि कडेखालून एखादं पातं आत डोकावतं. वरून बाईंची काठी येताना ऐकू येते. मला याहून जास्त काही नको. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. गवत असो, रोप असो, घरातलं म्हातारं माणूस असो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला काही देण्याआधी, आतापर्यंत कुणी किती दिलं ते बघून घ्या. माझ्यासारखा एखादा डबा मांडा, नाहीतर शेजारी बसलेल्याला विचारा. डब्यात बघायचं तर थोडं वाकावं लागतं. तेवढं वाका. डोकी आपटली तरी चालतील.